केलॉइडला मूळ नसते

छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर उठलेली घट्ट, चकचकीत, तांबूस किंवा काळपट गाठ घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्यांची मागणी बहुतेक वेळा एकच असते: काढून टाका, आणि काढायचीच तर मुळासकट काढा. मागणी समजण्यासारखी आहे. अंगावर नको ते उगवले, तर ते उपटावे, असा सरळ हिशेब. केलॉइडच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, आणि चांगलाच चुकतो. दुसरा कोणताही उपचार न जोडता नुसते कापून काढलेले केलॉइड परत येण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ टक्क्यांपासून जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. परत येते ते अनेकदा आधीपेक्षा मोठे असते. मग घरचे म्हणतात, मूळ आत राहिले असणार, डॉक्टरने नीट काढले नाही. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो, कारण केलॉइडला मूळ नसते. ती जखमेच्या भरून येण्याची क्रिया आहे, फक्त वेळेवर न थांबलेली. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर कोणता उपचार कधी घ्यावा, कोणत्या जाहिरातीकडे पाठ फिरवावी आणि डॉक्टरला काय विचारावे, हे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

जखम झाली की शरीर आधी तिथे सूज आणते. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे घालू लागतात. सुरुवातीचे धागे बारीक असतात. पुढच्या काही महिन्यांत ते मोडून त्यांच्या जागी जाड आणि मजबूत धागे येतात. घालणे आणि मोडणे ही दोन्ही कामे जोडीने चालली, तर वर्ष-दीड वर्षात वण फिकट, मऊ आणि सपाट होतो. केलॉइडमध्ये घालणे चालूच राहते, मोडणे मागे पडते, आणि त्वचेच्या खोल थरातली सूज महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे धुमसत राहते. म्हणूनच केलॉइडचा मधला भाग जुना होऊन काहीसा बसला, तरी कडा मात्र लाल, खाजऱ्या आणि पुढे सरकणाऱ्या असतात. वरवरच्या ओरखड्याने केलॉइड होत नाही. इजा त्वचेच्या खोल थरापर्यंत पोचावी लागते. पण ती मोठीच असावी लागते असे नाही. छातीवरची एखादी पुळी, केस उपटल्यावर आलेला फोड, किड्याचा चावा एवढेही पुरते. ‘आपोआप उठले’ असे ज्याबद्दल सांगितले जाते, त्यामागे बहुधा अशीच विसरलेली पुळी असते.

आता या माणसाच्या छातीवर सुरी चालवली म्हणजे काय झाले? ज्या शरीराने एका पुळीला इतका मोठा प्रतिसाद दिला, त्याच शरीराला, त्याच जागी, पुळीपेक्षा कितीतरी लांब आणि खोल जखम दिली, वर टाक्यांचा ताणही दिला. आतली गाठ शेवटच्या पेशीपर्यंत काढली तरी ही नवी जखम उरतेच. ताणाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. छातीच्या मधल्या हाडावरची, खांद्यावरची आणि पाठीच्या वरच्या भागावरची त्वचा हाताच्या प्रत्येक हालचालीने ताणली जाते, आणि केलॉइडची ही आवडती ठिकाणे आहेत. डोळ्याच्या पापणीची त्वचा सैल असते, तिथे केलॉइड जवळपास आढळतच नाही, तळहात-तळपायांवरही क्वचितच. कानाची पाळी मात्र या नियमात नीट बसत नाही. तिथे ताण नाही, पण टोचलेल्या भोकात सतत घासणारा दागिना आणि वारंवार होणारा संसर्ग असतो. बाकी, सावळ्या आणि काळ्या त्वचेत, दहा ते तीस या वयात, आणि घरात कुणाला असेल तर केलॉइडची शक्यता वाढते. ही प्रवृत्ती आज तरी कोणत्याही औषधाने बदलता येत नाही. बदलता येतो तो जखमेचा ताण, सूज आणि पेशींचा उत्साह, आणि सगळे उपयोगी उपचार या तिघांपैकी कशावर तरी काम करतात.

उपचाराकडे वळण्याआधी एक फरक करावा लागतो, कारण तो न केल्याने बरेच पैसे वाया जातात. उंचावलेला प्रत्येक वण केलॉइड नसतो. दुसरा प्रकार हायपरट्रॉफिक वणाचा. त्याला आपण फुगलेला वण म्हणू. तो मूळ जखमेच्या हद्दीतच राहतो, जखम भरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत उठतो, सहाएक महिने वाढतो, आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपला आपण खाली बसू लागतो. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या त्वचेत शिरते, कधी जखमेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षानेही सुरू होते, आणि आपण होऊन जात नाही. भाजल्यानंतरचे, सिझेरियनचे किंवा गुडघ्यावरचे उंच वण बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. भाजलेल्या जखमेला भरायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागला, तर तो वण फुगण्याची शक्यता फार वाढते. म्हणून खोल भाजलेल्या जागी वेळेवर त्वचारोपण करणे हाच वणाचा पहिला उपचार ठरतो. फुगलेल्या वणाला शस्त्रक्रियेचेही तेवढे वावडे नाही. वण सांध्यावर आखडून हात किंवा मान सरळ होत नसेल, तर तो ताण सोडवणारी शस्त्रक्रिया करायलाच हवी, आणि ताण सुटला की वणही निवतो. म्हणजे एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही. व्यवहारात दोघांच्या मधले वणही भेटतात आणि अनुभवी डॉक्टरांचेही त्यांच्या नावाबद्दल मतभेद होतात. अशा वेळी ‘हद्द ओलांडली का आणि अजून वाढते आहे का’ हे दोन प्रश्न नावापेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणखी एक सावधगिरी. कोणतीही जखम आठवत नसताना धडावर एखादी टणक गाठ हळूहळू वाढत असेल, किंवा कधीच न टोचलेल्या कानावर गाठी येत असतील, तर केलॉइड समजून इंजेक्शने सुरू करू नयेत. पहिल्या ठिकाणी त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग केलॉइडसारखाच दिसू शकतो. दुसऱ्या ठिकाणी कुष्ठरोगाची शंका घेऊन तपासावे लागते. तिथे आधी तुकडा काढून तपासणी, मग उपचार.

या विषयावर कागदी पुरावा किती आहे? खरे सांगायचे तर, उपचारांची यादी लांब आणि पुरावा तोकडा. २००२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने तोवरचे संशोधन तपासले, तेव्हा पुराव्याच्या आधारावर शिफारस करता येईल असे दोनच उपचार त्यांना सापडले: सिलिकॉनची पट्टी आणि गाठीत दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सरासरी सुधारणा ६० टक्क्यांच्या आसपास निघाली आणि निरनिराळ्या उपचारांत ठळक फरक दिसला नाही. त्यानंतर अभ्यास वाढले, काही जोड-उपचारांची बाजू बळकट झाली, पण सगळ्यांवर मात करणारा एकच उपाय अजून आलेला नाही. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की मग काहीच करण्यात अर्थ नाही. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. ६० टक्के सुधारणा म्हणजे रात्री झोपमोड करणारी खाज जाणे आणि कपड्याचा स्पर्श सहन होणे. ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी ती छोटी गोष्ट नव्हे. या आकड्यांचा अर्थ एवढाच, की उपचाराच्या नावापेक्षा तो किती लवकर सुरू केला, कशाशी जोडला आणि किती दिवस चालवला यावर अधिक अवलंबून आहे. लाल, मऊ, वर्षाच्या आतला वण जितका दाद देतो, तितका दहा वर्षांचा दगडासारखा झालेला देत नाही.

सुरुवात बहुतेकांची स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने होते, आणि व्हावीही. औषध ट्रायमसिनोलोन, स्वस्त, जुने, जिल्हा रुग्णालयापासून खासगी दवाखान्यापर्यंत कुठेही मिळणारे. एका मिलिलिटरमध्ये १० ते ४० मिलिग्रॅम अशा ताकदीने, चेहऱ्यावर सौम्य आणि छाती-खांद्यावर कडक, साधारण दर चार आठवड्यांनी ते गाठीच्या आत देतात. ते सूज निववते, फायब्रोब्लास्टचा उत्साह कमी करते आणि कोलॅजन मोडायला मदत करते. खाज बहुधा पहिल्या एक-दोन इंजेक्शनांतच कमी होते. गाठ बसायला वेळ लागतो. हे इंजेक्शन दुखते, आणि त्याबद्दल आधीच सांगितलेले बरे. घट्ट गाठीत औषध शिरायला जागाच नसते, म्हणून सुईवर जोर द्यावा लागतो. भूल देणारे औषध त्यात मिसळणे, किंवा आधी द्रवरूप नायट्रोजनने गाठ काही सेकंद गोठवून ती किंचित सुजू देणे आणि मग सुई घालणे, या दोन्ही युक्त्या उपयोगी पडतात. त्या मागायला संकोच करू नये. औषध गाठीतच जायला हवे. ते खालच्या चरबीत गेले तर तिथे खड्डा पडतो, आणि शेजारच्या चांगल्या त्वचेत गेले तर ती पातळ व पांढरी होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. हे दोष बरेचदा काही महिन्यांत सुधारतात, पण सावळ्या त्वचेवर पांढरा डाग लोकांच्या नजरेत भरतो, म्हणून सुई कोणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे.

‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून अनेक जण मागे फिरतात. भीती पूर्ण निराधार नाही, पण तिचे माप चुकते. महिन्यातून एकदा गाठीत दिलेले काही थोडे मिलिग्रॅम आणि महिनोन्महिने रोज घेतलेल्या गोळ्या यांत फार अंतर आहे. तरीही थोडे औषध रक्तात उतरतेच. मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस चढू शकते, तेव्हा ती तपासत राहावी. बायकांची पाळी एखाद-दुसऱ्या महिन्यात पुढे-मागे होऊ शकते. आणि लहान मुलांना किंवा खूप मोठ्या गाठींना एकाच वेळी जास्त मात्रा दिल्यास अंगभर परिणाम दिसल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मोठे केलॉइड एकाच बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नये. गरोदरपणात हा सगळा कार्यक्रम पुढे ढकललेला बरा, जरी त्या काळात काहींची केलॉइड वाढतात आणि थांबणे अवघड वाटते. खरी अडचण दुष्परिणामांची नाहीच, ती अर्धवट सोडण्याची आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी बसलेली केलॉइड वर्षभरात साधारण एक तृतीयांश आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मी परत आल्याचे काही अभ्यासांत दिसते. दोन इंजेक्शने घेतली, खाज गेली, म्हणून येणे बंद केले, आणि सहा महिन्यांनी ‘उपयोग झाला नाही’ असे म्हटले, तर तो औषधाचा पराभव म्हणता येणार नाही. उलट, चार-सहा वेळा नीट इंजेक्शन घेऊनही गाठ तसूभर हलली नाही, तर त्याच औषधाची सातवी-आठवी फेरी करण्यातही शहाणपण नाही. तिथे औषध बदलावे किंवा दुसरे जोडावे.

जोडायचे झाले तर आज सर्वांत वापरात असलेली जोडी म्हणजे ट्रायमसिनोलोन आणि फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल. दुसरे औषध मुळात कर्करोगाचे, त्यामुळे नाव ऐकून घाबरायला होते. पण इथे ते फार थोड्या मात्रेत, गाठीपुरते वापरले जाते. दोन्ही एकत्र दिल्यास नुसत्या स्टिरॉइडपेक्षा गाठ अधिक बसते, आणि स्टिरॉइड कमी लागल्याने त्वचा पातळ होण्याचा धोका घटतो, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. टोचल्यावर आग होते, कधी वर व्रण होतो, कधी रंग काळपट होतो. गरोदर असताना किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना मात्र हे औषध वर्ज्य. ब्लिओमायसिन आणि व्हेरापामिल यांचीही इंजेक्शने काही ठिकाणी देतात. पहिल्या दोन पायऱ्या संपल्यावर त्यांचा विचार करायचा. गोठवण्याचा उपचार लहान केलॉइडला चांगला लागू पडतो, पण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार लवकर मरतात. गोऱ्या त्वचेवरच्या अभ्यासांतले समाधान आपल्या सावळ्या त्वचेवर पांढरा चट्टा होऊन बसू शकते. परदेशी पुस्तकातला प्रत्येक सल्ला जसाच्या तसा इथे उचलू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सिलिकॉनची पट्टी आणि जेल यांचे काम वेगळे. ते उंच, जुने केलॉइड वितळवत नाहीत. नव्या वणाला उठू न देणे आणि उपचाराने बसलेल्याला बसलेले ठेवणे, इथे त्यांचा उपयोग. सिलिकॉन त्वचेत मुरत नाही. ते वरून ओलावा धरून ठेवते आणि त्यामुळे खालच्या पेशी शांत होतात, असे मानले जाते. त्याचा पुरावाही कमकुवत आहे, हे पुढच्या कसून केलेल्या आढाव्यांनी दाखवले. तरी मी ते यादीत ठेवीन, कारण त्याने अपाय होत नाही आणि ते घरी करता येते. जखम पूर्ण भरून कोरडी झाल्यावर, टाके काढल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करावे. पट्टी दिवसाला किमान बारा तास, तीन ते सहा महिने. कोकणात आणि मुंबईत उन्हाळ्या-पावसाळ्यात पट्टीखाली घामोळे येते, तेव्हा आधी चार तासांपासून सुरुवात करून वेळ वाढवावी, पट्टी आणि त्वचा रोज धुऊन कोरडी करावी, आणि तेवढेही सोसले नाही तर जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा लावावा. याहून स्वस्त गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी. टाक्यांच्या रेषेवर ती तीन महिने लावून ठेवली तर ताण कमी होतो आणि वण कमी फुगतो, हे सिझेरियन झालेल्या स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या एका नियंत्रित चाचणीत २००५ साली दिसून आले. इतक्या साध्या गोष्टीची जाहिरात कुणी करत नाही, हे ओघाने आलेच. भाजलेल्यांसाठी शिवून घेतलेले घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास, सहा महिने ते वर्षभर घालायचे असतात. विदर्भाच्या मे महिन्यात ते किती जणांना जमेल, हा प्रश्नच आहे. कानाच्या पाळीला मात्र दाब देणे सोपे असते. शस्त्रक्रियेनंतर घालायच्या दाब देणाऱ्या कुड्या मिळतात आणि त्या निमूटपणे घातल्या तर कानाचे केलॉइड परत येण्याचे प्रमाण बरेच घटते.

लेझरबद्दल सगळ्यात जास्त बोलले जाते, म्हणून मी थोडक्यात आवरतो. एक लेझर वणाचा लालपणा कमी करतो, दुसरा भाजलेल्या कडक वणात बारीक भोके पाडून तो मऊ करतो, आणि त्याच भोकांतून औषध आत सोडता येते. हे तीनही उपयोग खरे आहेत. पण लेझरने केलॉइड ‘जाळून काढणे’ म्हणजे कापून काढण्याचेच दुसरे रूप. जखम प्रकाशाने केली म्हणून शरीर तिला माफ करत नाही, आणि परत येण्याचे प्रमाणही तसेच राहते. ‘एका बैठकीत कायमची सुटका’ अशी पाटी दिसली, तर पुढे वाचायची गरज नाही.

मग शस्त्रक्रिया कधीच करू नये का? तसे नाही. देठावर लोंबणारे कानाचे मोठे केलॉइड इंजेक्शनाने किती बसणार? छातीवर पू साठून वारंवार फुटणारे, किंवा चालणे-फिरणे अडवणारे केलॉइडही कापावे लागते. अट एवढीच, की कापणे हा उपचाराचा पहिला दिवस मानायचा. खोलवरचे थर आधी शिवून वरच्या टाक्यांवर ताण येऊ न देणे, वण सरळ रेषेत न ठेवता नागमोडी करून ताण वाटून देणे हे शल्यविशारदाचे काम. त्यानंतर काय, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी कागदावर असायला हवे: दर महिन्याला त्याच जागी इंजेक्शन, किंवा किरणोपचार. कापल्यानंतर एक ते तीन दिवसांत किरणोपचार सुरू केला, तर परत येण्याचे प्रमाण साधारण पाचात एकावर येते. नुसत्या शस्त्रक्रियेच्या आकड्यांशी तुलना करून पाहा. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले प्लास्टिक सर्जन रेई ओगावा यांच्या गटाने ताणाच्या हिशेबाने मात्रा वेगळ्या केल्या: छाती-खांद्यासाठी तीन दिवसांत मिळून १८ ग्रे, कानाच्या पाळीसाठी एकाच वेळी ८ ग्रे. ताण कमी तिथे किरण कमी, हे तर्कालाही धरून आहे. आपल्याकडे ही यंत्रे बहुतेक कर्करोगाच्या रुग्णालयांत असतात, त्यामुळे साध्या वणासाठी तिथे पाठवले की घरात रडारड होते. तिथे पाठवले म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ नाही. उलट्या बाजूने, किरणांमुळे पुढे कर्करोग होईल ही भीती विचारात घेण्याजोगी आहे. मात्रा कमी आणि वरवरची असल्याने अशी प्रकरणे अत्यंत कमी नोंदली गेली आहेत, पण ‘अत्यंत कमी’ म्हणजे शून्य नव्हे. म्हणून लहान मुलांना हा उपचार टाळतात, गरोदर स्त्रियांना देत नाहीत, आणि मानेवर थायरॉइडजवळ किंवा तरुण स्त्रीच्या स्तनावर असेल तर खूप विचार करून, आड घालूनच देतात. पंचविशीतल्या मुलीच्या छातीवर छोटेसे केलॉइड असेल, तर मी किरणांआधी इंजेक्शनांचीच बाजू घेईन.

यावर एक रास्त आक्षेप येतो: केलॉइड काही जीवघेणे नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी? जे वाढत नाही, खाजत नाही, दुखत नाही आणि ज्याचे मालकाला काही वाटत नाही, ते तसेच ठेवणे हा पूर्ण सन्मान्य निर्णय आहे, आणि तो डॉक्टरने सुचवला तर तो टाळाटाळ करतो असे समजू नये. नको तो केवळ लग्न ठरायच्या घाईने, दोन महिन्यांत ‘साफ’ करून देण्याचा हट्ट. घाईत कापलेले केलॉइड लग्नानंतर वर्षभरात दुप्पट होऊन येऊ शकते. जे वाढते आहे, त्याला मात्र लवकर हात घालावा. लसूण वाटून लावणे, चुना, लिंबू, दोऱ्याने किंवा केसाने गाठ आवळून बांधणे, डाग देणे, या घरगुती उपायांना मी विरोध करतो तो ते गावठी आहेत म्हणून नव्हे. त्यांतला प्रत्येक उपाय त्वचेला नवी जखम करतो, आणि इथे दुखणेच जखमेचे आहे. कांद्याच्या अर्काची महागडी मलमेही आहेत. त्यांनी अपाय होत नाही, पण सिद्ध झालेला उपयोगही नगण्य आहे. ते पैसे चार इंजेक्शनांना पुरतात.

पहिल्याच भेटीत डॉक्टरला विचारायचे ते असे: हा वण कोणत्या प्रकारचा आहे, वाढत आहे का, पहिला उपचार किती बैठकांत तपासून पाहणार, नाही लागू पडला तर पुढची पायरी कोणती, आणि सपाट झाल्यावर किती दिवस बघत राहणार. शेवटच्या प्रश्नाला किमान दीड-दोन वर्षे असे उत्तर आले, तर तुम्ही योग्य माणसासमोर बसला आहात. एकूण खर्च आणि हेलपाटे आधीच मोजा. दर महिन्याला दुसऱ्या शहरात जाणे झेपणार नसेल, तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात तेच इंजेक्शन मिळते. दर महिन्याला त्याच प्रकाशात, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढा, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला हळू होणारा फरक कळत नाही. यश मोजायचे ते उंची, खाज आणि दुखणे यांवर. रंग बराच काळ वेगळा राहतो आणि त्वचा पूर्वीसारखी कधीच होत नाही. सपाट, मऊ, न खाजणारी खूण म्हणजे पूर्ण यश. सपाट झालेल्या वणाची कड पुन्हा लाल आणि खाजरी झाली, तर फुगायची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. अशा वेळी एखादे इंजेक्शन पुरते.

ज्यांना एकदा केलॉइड झाले आहे, किंवा ज्यांच्या आई-वडील-भावंडांना आहे, त्यांनी टाळता येण्याजोग्या जखमा टाळाव्यात. छाती-खांद्यावरचा तीळ शोभेसाठी काढणे आणि तिथे गोंदवणे यांत काही अर्थ नाही. दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर शल्यविशारदाला आधी सांगावे, म्हणजे छेद कुठे घ्यायचा आणि टाके कसे घालायचे याचा तो विचार करील. छाती-पाठीवरच्या मुरुमांवर वेळेवर उपचार घ्यावेत आणि ते फोडू नयेत. बाळाला जन्मतः डाव्या दंडावर देतात ती बीसीजीची लस मात्र टाळायची नाही. त्या जागी क्वचित केलॉइड उठते, पण लहान मुलांतल्या गंभीर क्षयरोगापासून मिळणारे संरक्षण त्याहून फार मोलाचे आहे. कान टोचण्याबद्दल आपल्या रीतीत नकळत एक फायद्याची गोष्ट आहे: अकरा वर्षांच्या आत टोचलेल्या कानांना नंतर टोचलेल्यांपेक्षा केलॉइड कमी होते, असे एका अभ्यासात आढळले. धोका असतो तो कॉलेजात गेल्यावर हौसेने पाडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या भोकात, आणि वरच्या कानातल्या बुगडी-भिकबाळीच्या भोकात, जिथे संसर्ग झाला तर बरा व्हायला वेळ लागतो. घरात केलॉइडचा इतिहास असेल तर तिथे चापाची भिकबाळी आणि दाबाची बुगडी वापरावी, आणि टोचलेल्या जागी भोवती टणक कडे येऊ लागले तर सोनाराकडून दागिना बदलून घेत बसण्याऐवजी तो काढून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.